सातशे रुपयांच्या हिशोबातून निघालेला कायदा : वि. स. पागे



भात झोडून झालं, दिवाळी सरली, की आपल्या खर्डी भागात काय चित्र दिसतं ते तुम्हाला मी सांगायला नको. पाड्यावरची कुटुंबं गाठोडी, भांडी, कोंबड्या आणि लहान पोरं घेऊन ट्रकमध्ये चढतात. कुणी भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जातं, कुणी कल्याणकडे, कुणी रेतीवर. पाड्यावर म्हातारी माणसं तेवढी राहतात. आवणीला परत येईपर्यंत पोरांची शाळा बुडते ती बुडतेच.

हे असंच चालायचं, असं आपण धरून चाललो आहोत. पण गावच्या माणसाला गावातच काम मागायचा हक्क असला पाहिजे, असं म्हणून एक माणूस वर्षानुवर्षं त्यामागे लागला होता. त्यांचं नाव विठ्ठल सखाराम पागे. रोजगार हमीचं नाव तुमच्या तोंडी रोज असतं, तिच्या जनकाचं नाव मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. म्हणून आज हा लेख.

पागेसाहेबांचा जन्म २१ जुलै १९१० चा, सांगली जिल्ह्यातल्या वाळवे तालुक्यात बागणी गावी. तेव्हा तो भाग सातारा जिल्ह्यात होता. ते शिकून वकील झाले. स्वातंत्र्याच्या चळवळीत पडले, तुरुंगातही गेले. संतसाहित्याचा त्यांचा अभ्यास मोठा होता. तासगाव तालुक्यातलं विसापूर हे त्यांच्या शेतीभातीचं गाव. मुंबईत कितीही मोठं पद मिळालं तरी या गावाशी त्यांनी नातं तोडलं नाही.

स्वातंत्र्यानंतर ते विधान परिषदेवर गेले. १९६० साली महाराष्ट्र राज्य झालं आणि पागेसाहेब परिषदेचे सभापती झाले. १९७८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अठरा वर्षं ते त्या खुर्चीवर होते. आता सभापतीचं काम कसं असतं पाहा. सभागृहात सगळे बोलतात, सभापतीने ऐकायचं आणि शिस्त राखायची. एका बाजूने भाषण ठोकायची त्याला सोय नसते. अशा जागी बसलेल्या माणसाने राज्यातल्या मजुरांसाठी कायदा घडवून आणला, यातच त्यांचं वेगळेपण दिसतं. त्यांनी भाषणांवर भर दिला नाही. त्यांनी आकडे मांडले, पत्रं लिहिली आणि पाठपुरावा केला.

सुरुवात कशी झाली, तीही ऐकण्यासारखी आहे. साल १९६५. विसापूरच्या शेतीचं काम त्यांच्या पत्नी पाहात. शेतातल्या कामासाठी सातशे रुपये लागणार होते. तेवढ्या पैशांत पंधरा-एक माणसांना वीस दिवस काम मिळतं, असा हिशोब निघाला, असं सांगतात. तुम्ही-आम्ही हिशोब मिटवून झोपलो असतो. पागेसाहेबांनी तो पुढे वाढवला. सातशे रुपयांत तीनशे दिवसांची मजुरी, तर कोटी रुपयांत किती? आपणच गुणून पाहा, त्रेचाळीस लाखांच्या आसपास मजुरीचे दिवस येतात. मग सरकार योजनांवर एवढे कोटी खर्च करतं, तरी गावचा मजूर रिकामा का बसतो? हा प्रश्न त्यांनी त्या वेळचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना पत्राने घातला. नाईकसाहेब स्वतः शेतीतले जाणकार. त्यांनी तो उडवून लावला नाही, आधी करून पाहू असं ठरवलं. तासगाव तालुक्यात प्रयोग सुरू झाला.

यात नवीन काय होतं, हे आपल्याकडच्या माणसाने नीट समजून घ्यावं. त्याआधी सरकारी काम निघायचं ते दुष्काळ जाहीर झाल्यावर. आणेवारी खाली आली, टंचाई लागू झाली, की खडी फोडायला माणसं लावायची. पाऊस पडला की काम बंद. आता आपला शहापूर-मुरबाडचा मुलूख घ्या. इथे पाऊस धो धो पडतो. आणेवारी सहसा पडत नाही. कागदावर आपण सुखी. पण भात निघाल्यावर सहा-सात महिने हाताला काम नाही, ते कुठल्या आणेवारीत बसतं? पागेसाहेबांचं म्हणणं हेच होतं की दुष्काळ नसला तरी मजुराची चूल पेटायला हवी. आणि काम द्यायचं तर त्यातून बांध, पाझर तलाव, झाडं असं काही टिकाऊ उभं राहायला हवं.

१९७२ च्या मे महिन्यात योजना राज्यभर लागू करायचं ठरलं, आणि त्याच वर्षी मोठा दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात जवळजवळ पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्या धामधुमीत रोजगार हमी बाजूला राहिली. दुसरा कोणी असता तर तिथेच विषय सोडून देता. पण दुष्काळ ओसरल्यावर, १९७४ पासून योजना पुन्हा सुरू झाली.

पैसा कुठून आणायचा? त्यासाठी १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा आला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून थोडी रक्कम कापायची, बागायतदारानेही आपला वाटा द्यायचा, आणि जेवढे जमतील तेवढेच सरकारने आपल्याकडून घालायचे. तानसा, भातसाचं पाणी आपल्या तालुक्यातून मुंबईला जातं, हे आपण नेहमी बोलतो. मुंबईच्या पगारातला पैसा मजुरी होऊन आपल्या गावाकडे यावा, ही वाट या माणसामुळे पडली, हेही कधीतरी बोललं पाहिजे.

१९७७ साली दोन्ही सभागृहांनी रोजगार हमीचा कायदा एकमताने मंजूर केला. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ग्रामीण भागातल्या कुठल्याही प्रौढ माणसाने अंगमेहनतीचं काम मागितलं, तर पंधरा दिवसांत ते द्यायचं. नाही दिलं तर निदान रुपयाभर रोज बेकारभत्ता द्यायचा. रुपया लहान होता, पण त्याचा अर्थ मोठा होता. काम देता आलं नाही तर सरकार मजुराचं देणं लागतं, हे पहिल्यांदा कायद्याने कबूल केलं. बायकांना आणि पुरुषांना मोजमापाप्रमाणे सारखीच मजुरी. म्हणून या कामांवर बायका मोठ्या संख्येने आल्या.

१६ मार्च १९९० रोजी पागेसाहेब गेले. त्याच वर्षी रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली गेली. आज आपल्या भागात वरकस जमिनीवर आंब्याच्या, काजूच्या बागा उभ्या आहेत, त्यातल्या कितीतरींचे खड्डे याच योजनेच्या मजुरीतून खणले गेले. पुढे २००५ साली संसदेने देशभरासाठी कायदा केला आणि प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षाला शंभर दिवस कामाची हमी दिली. विसापूरच्या शेतातला हिशोब असा दिल्लीपर्यंत पोचला.

सगळं गोड गोड सांगून चालणार नाही. हजेरीपटावर खोटी नावं लागली, तलाव गाळाने भरले, मजुरी रखडली. नोकरीच्या सुरुवातीला एका पाड्यावर भात खाचरांच्या बांधाचं काम मी पाहिलं आहे. काम चोख झालं, पण मोजमाप वेळेवर नोंदलं गेलं नाही. मजुरी हातात पडली तेव्हा पाऊस लागला होता. पुढच्या वर्षी त्या पाड्यावरून एकही माणूस कामावर आला नाही, सगळे भट्टीवर गेले. त्यांना दोष कसा देणार? भट्टीवाला निदान उचल तरी आधी देतो. ती उचल फेडताना काय होतं, ते मग माहीत पडतं.

म्हणून दोन गोष्टी सांगतो. ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींनी कामाची मागणी तोंडी ठेवू नये. लेखी अर्ज घ्यावा, तारखेची पोच द्यावी, मोजमाप आठवड्याच्या आठवड्याला पुरं करून घ्यावं. आणि मजूर भावा-बहिणींनो, तुम्ही पोच मागून घ्या. कायदे बदलतील, योजनांची नावं बदलतील, पण मागणीचा कागद नसेल तर हक्क सांगायचा कशावर? येत्या दिवाळीआधी, ट्रक पाड्यावर यायच्या आत, एकदा ग्रामपंचायतीत जाऊन अर्ज टाका. पागेसाहेबांनी एवढी खटपट केली ती त्या एका अर्जाला किंमत यावी म्हणूनच.