सी.पी. रामस्वामी अय्यर
सर चेतपट पट्टाभिराम रामस्वामी अय्यर (१२ नोव्हेंबर, १८७९ - २६ सप्टेंबर, १९६६) हे भारतीय वकील, प्रशासक आणि त्रावणकोर संस्थानाचे दिवाण होते. सर सी.पी. या नावाने ते ओळखले जात. भारतातील पहिल्या मोठ्या खत कारखान्यांपैकी एक त्यांच्या कारकिर्दीत उभा राहिला.

प्रारंभिक जीवन

त्यांचा जन्म मद्रास इलाख्यातील वांदिवाश येथे झाला. मद्रास येथे कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी वकिलीत नाव मिळवले. ॲनी बेझंट यांच्या होमरूल चळवळीत ते सहभागी होते. १९२० मध्ये ते मद्रास इलाख्याचे ॲडव्होकेट जनरल झाले. पुढे गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य असताना जलविद्युत व पाटबंधारे योजनांशी त्यांचा जवळून संबंध आला.

त्रावणकोरचे दिवाणपद

१९३६ मध्ये महाराजा चित्तिरा तिरुनाळ यांनी त्यांना दिवाण नेमले. त्याच वर्षी संस्थानातील मंदिरे सर्व हिंदूंना खुली करणारी घोषणा झाली. १९४० मध्ये पल्लिवासल जलविद्युत केंद्र सुरू झाले.

भात आणि खत

त्रावणकोरमध्ये नारळ, रबर, चहा आणि मसाल्यांची पिके भरपूर होती. परंतु तांदळाचा मोठा भाग बाहेरून, मुख्यतः ब्रह्मदेशातून येत असे. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश व्यापल्यावर ही आयात थांबली आणि संस्थानात तीव्र अन्नटंचाई निर्माण झाली. याच काळात कुट्टनाडमधील वेंबनाड तलावाचा उथळ भाग बांध घालून भातशेतीखाली आणण्याचे खंडित काम पुन्हा सुरू झाले. आहे त्या जमिनीतून अधिक पीक काढण्यासाठी सी.पीं.नी खत कारखान्याचा पुरस्कार केला.

शेषसायी बंधूंच्या सहभागाने १९४३ मध्ये 'फर्टिलायझर्स अँड केमिकल्स त्रावणकोर' (फॅक्ट) ही कंपनी स्थापन झाली. पेरियार नदीकाठी एलूर येथील कारखान्यात १९४७ मध्ये उत्पादन सुरू झाले. त्याची क्षमता वर्षाला ५०,००० टन अमोनियम सल्फेट एवढी होती. कोळशाच्या खाणी जवळ नसल्याने जळाऊ लाकडापासून वायू तयार करून त्यातून अमोनिया मिळवला जाई. पाणी साचलेल्या भातखाचरांना हे खत मानवते. कारण त्यातील अमोनियमरूपी नत्र चिखलात धरून राहते, तर नायट्रेटरूपी नत्र पाण्याबरोबर झिरपून किंवा वायुरूपाने नष्ट होते.

पुन्नप्रा-वायलार आणि राजीनामा

टंचाईची झळ सर्वाधिक बसलेल्या काथ्या कामगार, शेतमजूर व मच्छीमारांमध्ये असंतोष वाढत गेला. सर्व सत्ता दिवाणाच्या हाती ठेवणाऱ्या सी.पीं.च्या घटनायोजनेलाही त्यांचा विरोध होता. ऑक्टोबर १९४६ मध्ये पुन्नप्रा व वायलार येथे झालेला उठाव गोळीबार करून मोडून काढण्यात आला. मृतांच्या संख्येविषयी मतभेद आहेत. मात्र मृतांत भाताच्या शेतात राबणारे मजूरही होते.

जून १९४७ मध्ये सी.पीं.नी त्रावणकोर स्वतंत्र राहील, असे जाहीर केले. २५ जुलै रोजी त्यांच्यावर शस्त्राने हल्ला झाला. त्यातून ते बचावले. त्यानंतर संस्थान भारतात विलीन होण्यास राजी झाले आणि ऑगस्टमध्ये त्यांनी दिवाणपद सोडले.

उत्तरायुष्य व मूल्यमापन

पुढे ते अण्णामलाई आणि बनारस हिंदू विद्यापीठांचे कुलगुरू झाले. लंडन येथे त्यांचे निधन झाले. फॅक्ट नंतर केंद्र सरकारच्या मालकीची झाली आणि लाकडाची जागा खनिज तेलापासून मिळणाऱ्या कच्च्या मालाने घेतली. केरळच्या औद्योगिकीकरणाचा पाया घालणारा प्रशासक आणि जनआंदोलन चिरडणारा दिवाण, अशा दोन्ही रूपांत त्यांची नोंद घेतली जाते.