माणशी अर्धा एकर : नायगावच्या पाणी पंचायतीचे विलासराव साळुंखे

१९७२ चा दुष्काळ गावातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतो. मिलो ज्वारी, सुकडी आणि रस्त्याच्या कडेला खडी फोडत बसलेली अख्खी गावं. पुरंदर तालुक्यात तर फार हाल झाले. तालुक्याचा पूर्व भाग पर्जन्यछायेतला. पाऊस कमी आणि तोही बेभरवशाचा. कामाची माणसं पुण्या-मुंबईला निघून जायची, घरात म्हातारी आणि लेकरं राहायची.

त्या साली पुण्यातले एक कारखानदार पत्नी कल्पनाताईंना घेऊन या भागात फिरले. विलासराव साळुंखे त्यांचं नाव. जन्म १९३७ चा, पेशाने इंजिनिअर. अचूक मोजमापाची उपकरणं बनवायचा त्यांचा कारखाना. खडी फोडणारी माणसं बघून त्यांच्या मनात आलं ते अगदी साधं होतं. एवढे हात रस्त्याला लागले आहेत, तेच पाणी अडवायला लागले तर पुढच्या दुष्काळात पुन्हा खडी फोडायची वेळ येणार नाही.

दुष्काळात मदत वाटून जाणारे पुष्कळ असतात. साळुंखे नायगावात थांबले. देवस्थानची ४० एकर जमीन त्यांनी ५० वर्षांच्या कराराने घेतली. जमीन कसली, उताराचा मुरमाड माळ होता तो. १९७४ मध्ये ग्रामगौरव प्रतिष्ठान स्थापन केलं. उतारावर बांध घातले, खाली पाझर तलाव केला, तलावाखाली विहीर काढली आणि तिचं पाणी मोटारीने परत वर नेलं. काही वर्षांत माळावर पीक उभं राहिलं.

पण खरं काम यापुढचं. पाणी अडवायला गाव एक होतं, वाटायची वेळ आली की भांडणं सुरू होतात. हे कुठल्याही शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. साळुंख्यांनी गावकऱ्यांबरोबर बसून वाटपाचे नियम ठरवले आणि त्यातूनच पाणी पंचायत उभी राहिली. १९७९ पासून गटाच्या उपसा योजना सुरू झाल्या.

पहिला नियम, योजना एकट्याला मिळणार नाही, गटालाच मिळेल. दुसरा नियम भल्याभल्यांना पचला नाही. पाणी जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर. माणशी अर्धा एकर भिजेल एवढंच, म्हणजे साधारण १,००० घनमीटर, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. हिशोब करून बघा. एकाकडे वीस एकर रान आहे, घरात पाच माणसं. दुसऱ्याकडे तीन एकर, घरात पाचच माणसं. दोघांनाही पाणी अडीच एकराचं. वीस एकरवाल्याची उरलेली साडेसतरा एकर पावसाच्या भरवशावर. बड्या बागायतदाराला हे कसं रुचावं?

तिसरा नियम तर त्याहून कडक, ऊस लावायचा नाही. उसाला बारमाही आणि भरमसाट पाणी लागतं. एकाने ऊस लावला तर पाच जणांची ज्वारी वाळते. सहकारी साखर कारखान्यांच्या जोरावर राजकारण चालणाऱ्या पश्चिम महाराष्ट्रात हा नियम करायला छाती लागते. आधी भाकरी, मग पैसा, एवढाच त्यामागचा विचार.

जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क विकला जात नव्हता, तो पंचायतीकडे परत यायचा. आणि भूमिहीनांनाही पाण्यात हिस्सा होता. हे तर त्या काळी कुणाच्या डोक्यातच नव्हतं. ज्याला गुंठाभर जमीन नाही त्याने दुसऱ्याची जमीन वाट्याने करावी आणि आपलं पाणी तिथे वापरावं, अशी सोय होती. कागदावर ती सोपी दिसते. प्रत्यक्षात भूमिहीनाला जमीन वाट्याने मिळणं जमीनवाल्याच्या मर्जीवर होतं, ही त्यातली कमजोर बाजू.

पैशाचीही रीत ठरलेली. खर्चाचे २० टक्के शेतकऱ्यांनी आधी गोळा करायचे, ५० टक्के सरकारी अनुदान, उरलेले ३० टक्के प्रतिष्ठान बिनव्याजी कर्ज म्हणून देणार. फुकट काहीच नाही. स्वतःचा पैसा अडकला की माणूस बैठकीलाही येतो आणि मोटार जळली तर धावतोही. पाणी सोडायला गटाचाच पाटकरी नेमलेला असायचा. कुणाची पाळी कधी हे तो सांगणार, आणि त्याचा पगार लाभधारकच देणार. पाळीवरून रात्री-अपरात्री होणारी बाचाबाची त्यामुळे कमी झाली.

नायगावचं बघून शेजारच्या गावांनी योजना केल्या. शहरात गेलेली काही कुटुंबं गावाकडे परतली. साळुंखे मात्र एवढ्यावर खूश नव्हते. मोठ्या धरणांचं आणि कालव्यांचं पाणीही याच न्यायाने वाटा, अशी मागणी त्यांनी शेवटपर्यंत लावून धरली. सरकारने अनुदान दिलं, पण कालव्याखालच्या बागायतीला हात लावला नाही. तिथे उसाचं राज्य होतं आणि आजही आहे.

सगळं गोड झालं असं नाही. अनेक योजना पुढे बंद पडल्या. कुठे विजेचं बिल थकलं, कुठे जुनी माणसं गेली आणि नव्यांना नियम जाचक वाटले, कुठे दुसरीकडून पाणी आलं आणि उसाचा मोह सुटला. जिथे बैठका नियमाने होत राहिल्या तिथे योजना जास्त टिकल्या.

एप्रिल २००२ मध्ये साळुंखे गेले. काम कल्पनाताईंनी पुढे चालवलं. त्यानंतर पुण्याचा पसारा पुरंदरपर्यंत आला आणि जमिनीचे भाव एकरावरून गुंठ्यावर आले. माळ विकला जातो, त्यावर प्लॉट पडतात आणि पहिली बोअर घेतली जाते. त्या बोअरच्या पाण्यात शेजारच्या भूमिहीनाचा हिस्सा किती, हे खरेदीखतात लिहिलेलं नसतं.