छापखान्यापासून ॲपपर्यंत: टिळकांच्या आयुष्यातून समजून घ्या सरकारी दबाव

सरकारने सांगितलं म्हणून एखादं ॲप गायब होतं, तेव्हा आपला राग कंपनीवर निघतो. पण सरकार कंपनीला नेमकं पकडतं कुठे? याचं उत्तर लोकमान्य टिळकांच्या आयुष्यात सापडतं.

बाळ गंगाधर टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. १८८१ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत पुण्यात मराठी ‘केसरी’ आणि इंग्रजी ‘मराठा’ सुरू केले. ‘केसरी’चे पहिले संपादक होते सातारा जिल्ह्यातल्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर.

प्लॅटफॉर्म म्हणजे छापखाना

१८६७ च्या कायद्यानुसार छापील कागदावर मुद्रकाचं नाव आणि ठिकाण द्यावंच लागे. म्हणजे मजकूर खटकला तर कुणाच्या दारात जायचं, हे सरकारला आधीच माहीत.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला, रँडवर गोळी झाडली गेली. ‘केसरी’तल्या मजकुरावरून राजद्रोहाचा खटला भरला, तो एकट्या टिळकांवर नाही. मुद्रक केशव महादेव बाळ हेही आरोपी होते. ते सुटले, टिळकांना १८ महिन्यांची शिक्षा झाली.

१९०८ मध्ये पुन्हा राजद्रोह, सहा वर्षं मंडालेचा तुरुंग. टिळक तिथे असतानाच १९१० चा प्रेस कायदा आला. त्यानुसार छापखान्याच्या मालकाकडून अनामत रक्कम मागता येई आणि आक्षेपार्ह मजकूर छापला तर ती जप्त होई. मग लेख छापायचा की नाही, हे मालक खिशाकडे बघून ठरवणार! सरकारला प्रत्येक लेखकामागे धावायची गरजच उरली नाही.

आज काय?

साताऱ्याच्या खंडाळ्यात बसून तुम्ही रील टाकता, सर्व्हर मात्र कुठेही असू शकतो. त्यामुळे सरकारं कंपनीचा देशातला माणूस शोधतात. सप्टेंबर २०२१ मध्ये रशियात मतदानाच्या पहिल्याच दिवशी ॲपल आणि गूगलने नवाल्नी गटाचं ‘स्मार्ट व्होटिंग’ ॲप काढलं. तिथल्या कर्मचाऱ्यांवर खटल्याची धमकी होती, असं बातम्यांत आलं. भारतातही २०२१ च्या नियमांनुसार मोठ्या सोशल मीडिया कंपन्यांना देशात राहणारा अनुपालन अधिकारी नेमावा लागतो आणि त्याच्यावर वैयक्तिक कारवाई होऊ शकते.

मग कायदा पाळणं चूकच का? तसं नाही. फसवणूक, बाल लैंगिक शोषण अशा बाबतीत कंपनीला जाब विचारायला देशात कुणीतरी हवंच.

फरक कळतो तो दाद मागता येते का यावरून. १९१६ मध्ये भाषणांवरून टिळकांकडे चांगल्या वर्तनाचा २० हजार रुपयांचा जामीन मागितला गेला. बॅरिस्टर जिनांनी बाजू मांडली आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला.

टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी गेले. प्रेस कायदा १९२२ मध्ये रद्द झाला.

म्हणून पुढच्या वेळी एखादी पोस्ट गायब दिसली, तर तीन गोष्टी बघा: आदेश लेखी आहे का, कारण दिलंय का आणि कोर्टात जाता येतं का. तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल, तर कंपनीने पाळला तो कायदा नव्हे, धाक.