जॅकलिनची बोटं

जॅकलिन दु प्रे हे नाव आपल्यापैकी फार थोड्या जणींच्या कानावर गेलं असेल. पाश्चात्त्य संगीताच्या जगात मात्र ते फार मोठं नाव. ती चेलो वाजवायची. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊच म्हणा ना! खुर्चीवर बसून, दोन गुडघ्यांत धरून वाजवायचं वाद्य. मला ती भेटली ती मात्र संगीतामुळे नाही, आजारामुळे. तिला जो आजार होता, तोच मला आहे. मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएस.

२६ जानेवारी १९४५ रोजी इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डला तिचा जन्म झाला. चार वर्षांची असताना तिने रेडिओवर चेलो ऐकला आणि मला हेच हवं म्हणून हट्ट धरला. आई आयरिस स्वतः पियानो शिकवायची. ती लेकीसाठी छोट्या छोट्या चाली रचायची, कागदावर चित्रं काढून सजवायची आणि रात्री उशीखाली ठेवून द्यायची. सकाळी उठलं की लेक आधी तो कागद घेऊन वाजवायला बसायची. मुलीचं वेड ओळखणारी अशी आई मिळणं हे केवढं भाग्य!

१९६१ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, लंडनच्या विगमोर हॉलमध्ये तिचा पहिला मोठा कार्यक्रम झाला. १९६५ मध्ये, विशीत असताना, तिने एल्गार या इंग्रज संगीतकाराची रचना रेकॉर्ड केली. ती आजही जगभर ऐकली जाते. १९६७ मध्ये जेरुसलेमला पियानोवादक डॅनियल बॅरनबॉइमशी तिचं लग्न झालं. त्यासाठी तिने ज्यू धर्म स्वीकारला. दोघांच्या मित्रमंडळात आपल्या मुंबईचे झुबिन मेहताही होते. १९६९ मध्ये लंडनला शूबर्टची एक रचना वाजवताना या मंडळींवर चित्रपट केला गेला. त्यात झुबिन मेहता डबल बास वाजवताहेत आणि जॅकलिन शेजारी खळखळून हसते आहे.

आणि मग बोटं बधिर व्हायला लागली. १९७१ च्या सुमाराची ही गोष्ट. थकवा यायचा, हातातली ताकद जायची, पुन्हा थोडं बरं वाटायचं. सगळ्यांना वाटलं, मनावर ताण आहे, नसांचा त्रास आहे. तिलाही तसंच वाटू लागलं. फेब्रुवारी १९७३ मध्ये न्यूयॉर्कला ती वाजवायला बसली तेव्हा बोटांना तारेचा स्पर्शच कळत नव्हता. बोट कुठे पडतंय हे डोळ्यांनी बघून तिने वाजवलं. ठरलेल्या चार कार्यक्रमांपैकी तीनच झाले. त्यानंतर ती जाहीर मैफलीत चेलो घेऊन बसली नाही. ऑक्टोबर १९७३ मध्ये निदान झालं, एमएस. तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती.

हा भाग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. कारण मलाही दोन वर्षं टेन्शनच सांगितलं होतं. पाय जड पडतात? टेन्शन. एका डोळ्याला धुरकट दिसतं? झोप कमी पडत असेल. बायकांच्या दुखण्याला टेन्शन हे नाव किती पटकन मिळतं, नाही का?

या आजारात आपल्याच शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा मेंदूतल्या आणि मणक्यातल्या नसांवरचं आवरण कुरतडते. विजेच्या वायरवरचं प्लॅस्टिक निघालं की कसं होतं, तसं. पुरुषांपेक्षा बायकांना हा आजार जास्त होतो. जॅकलिनच्या वेळी हे कुरतडणं जिवंत माणसात डोळ्यांनी बघायची सोय नव्हती. एमएसच्या रुग्णांचे मेंदू एमआरआयवर तपासून डॉक्टरांनी ते डाग १९८१ मध्ये जगापुढे मांडले, तेही लंडनच्याच हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये. जॅकलिन तेव्हा त्याच शहरात व्हीलचेअरवर होती. आजाराची चाल मंदावणारं पहिलं औषध आलं १९९३ मध्ये. ती तर १९ ऑक्टोबर १९८७ रोजीच गेली होती, बेचाळिसाव्या वर्षी.

म्हणून माझ्या वर्षाच्या एमआरआयकडे मी आता वेगळ्या नजरेने बघते. खरं सांगायचं तर, यंदा नकोच असं दर वर्षी मनात येतं. खर्च आहे, जिल्ह्याच्या गावापर्यंतची एसटी आहे, आणि मुख्य म्हणजे ती बोगद्यासारखी नळी. आधी अंगावरचं सगळं धातूचं उतरवायचं. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, केसातल्या पिना, साडीच्या सेफ्टी पिनासुद्धा. आत मोठं लोहचुंबक असतं ना! मंगळसूत्र सासूबाईंच्या ओंजळीत ठेवताना पहिल्या वर्षी दोघींचेही डोळे भरले होते. आता त्या सरळ पदराला गाठ मारतात आणि नामस्मरण करत बाहेर बसतात.

मग डोक्यावर पिंजऱ्यासारखं झाकण येतं, हातात रबरी फुगा देतात. घाबरायला झालं की तो दाबायचा. ठकठक, घरघर असा आवाज अर्धा-पाऊण तास चालतो. काही जणींना मधेच शिरेतून औषधही देतात. मी काही गोष्टी अनुभवाने शिकले आहे. डोळे आत जायच्या आधीच मिटायचे आणि वर रुमाल ठेवून घ्यायचा, म्हणजे छत किती जवळ आहे ते दिसतच नाही. मधे मधे माझ्याशी बोला, असं तिथल्या मुलाला आधीच सांगायचं. आवाज सुरू झाला की मी मनातल्या मनात पुरणपोळ्या करते. डाळ शिजवण्यापासून सुरुवात. शेवटची पोळी तव्यावर जाईपर्यंत बहुतेक संपलेलं असतं. जुन्या फिल्म आणि सीडी नेहमी बरोबर न्यायच्या, कारण नवा डाग कोणता हे जुन्याशी ताडूनच कळतं. आणि रिपोर्टचं पाकीट वाटेत फोडायचं नाही. डागांची संख्या आणि आपली तब्येत यांचा हिशोब सरळ जुळत नसतो. तो डॉक्टरांनी समजावून सांगायचा.

जॅकलिनने चेलो सुटल्यावरही संगीत सोडलं नाही. हात चालेनात तेव्हा ती बोलून, गाऊन शिष्यांना शिकवायची. टीव्हीवर तिचे वर्ग दाखवले गेले. तरी मी तिला धीराची देवी करणार नाही. ती रडली, चिडली, एकटी पडली. शेवटच्या वर्षांत नवऱ्याचा दुसरा संसार पॅरिसला उभा राहिला होता. इतकं सगळं सोसून ती जेवढं देता आलं तेवढं देत राहिली, एवढंच मला पुरतं.

मैत्रिणींनो, हातापायाला मुंग्या येऊन दिवसेंदिवस जात नसतील, एका डोळ्याचं दिसणं अचानक कमी झालं असेल, चालताना तोल जात असेल, तर घरातली कामं आटपून मग बघू म्हणू नका. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा, आणि पुन्हा टेन्शन म्हणाले तर तपासणी करायची का, हे आपणहून विचारा. जॅकलिनला विचारायला असं यंत्रच नव्हतं. आपल्याला आहे. माझी यंदाची तारीख पुढच्या मंगळवारची आहे, आणि मी जाणार आहे.