ऑपरेशनआधी उपाशी का ठेवतात? भूल मोजून देणाऱ्या डॉ. जॉन स्नो यांची गोष्ट

ऑपरेशनच्या आदल्या रात्री नर्स बजावून जाते, आता काही खायचे नाही. हा सल्ला कारणासहित लिहून ठेवणाऱ्या सुरुवातीच्या डॉक्टरांपैकी एक म्हणजे लंडनचे जॉन स्नो. होय, १८५४ मध्ये ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचे पाणी आणि कॉलरा यांचा संबंध दाखवणारे तेच. पण त्यांचा रोजचा व्यवसाय भूल देण्याचा होता.

१८१३ मध्ये यॉर्कमधील मजुराच्या घरात जन्म. चौदाव्या वर्षी न्यूकॅसलच्या एका सर्जनकडे उमेदवारी. १८४६ च्या अखेरीस लंडनमध्ये ईथर आले, तेव्हा कोणी लगेच झोपे, तर कोणी धडपडत राही. स्नो यांना कारण तापमानात सापडले. गारठ्यात ईथरची वाफ कमी होते, उकाड्यात जास्त. म्हणून १८४७ मध्ये त्यांनी पाण्यात ठेवायचे उपकरण बनवले. पाण्याचे तापमान ठरलेले, म्हणून वाफेचे प्रमाणही ठरलेले!

मग क्लोरोफॉर्म आले. जानेवारी १८४८ मध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढताना दगावली. क्लोरोफॉर्म कापडावर दिले होते. रुमालावरून छातीत किती वाफ जाते यावर कोणाचाच ताबा नसतो, हे स्नो यांनी तेव्हाच ओळखले. गंमत म्हणजे १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरिया यांच्या बाळंतपणात त्यांनी रुमालच वापरला. मात्र मोजके थेंब, तेही थांबून थांबून, तब्बल ५३ मिनिटे. राणी शुद्धीवरच होत्या.

पोटात अन्न असेल तर क्लोरोफॉर्मने उलटी होते, हे त्यांनी अनेकदा पाहिले होते. तरी रुग्णाला फार वेळ उपाशी ठेवणे त्यांना पटत नसे. नेहमीच्या वेळी नाश्ता, आणि पुढच्या जेवणाची वेळ होईल तेव्हा भूल, असा त्यांचा हिशेब. बेशुद्धीत घशाचा बचाव ढिला पडतो आणि उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. म्हणून आजही हलक्या खाण्यानंतर साधारण ६ तास आणि साध्या पाण्यानंतर २ तास थांबतात. म्हणजे सरसकट रात्रभर पाणी तोडण्यापेक्षा स्नो यांचाच हिशेब आजच्या नियमांना जवळचा.

चार हजारांहून अधिक रुग्णांना त्यांनी क्लोरोफॉर्म दिले. जून १८५८ मध्ये भूलशास्त्रावरचे पुस्तक पूर्ण करत असतानाच त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि १६ तारखेला, वयाच्या ४५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुस्तक त्याच वर्षी छापले गेले. नाश्त्याचा सल्ला त्यातच आहे.