कामोइश आणि बुडालेलं जहाज

दिवाळीच्या सुट्टीत बडोद्याहून गोव्याला गेले, ग्रांद बेटापाशी स्कूबा केलं. खाली बुडालेल्या बोटीचा गंजका सांगाडा, त्यातून ये-जा करणारे मासे. आठवला लुईश द कामोइश, पोर्तुगीजांचा महाकवी. मोरोक्कोत उजवा डोळा गेलेला, लिस्बनमध्ये मारामारीपायी तुरुंगात पडलेला. माफी मिळाली आणि १५५३ मध्ये तो गोव्यात आला. पुढे मेकाँगच्या मुखाशी त्याचं जहाज फुटलं. आख्यायिका अशी, की हस्तलिखित पाण्याबाहेर धरून तो पोहत किनाऱ्याला लागला. प्रेयसी दिनामेने मात्र बुडाली. तिच्यावर त्याने सुनीतं लिहिली म्हणे, तरी मला हे पचत नाही. लिटरेचरवाल्यांनो, तुम्ही काय वाचवलं असतं? १५७२ मध्ये ते महाकाव्य छापून आलं, १० जून १५८० ला तो गरिबीतच वारला. पोर्तुगालचा राष्ट्रीय दिन तोच.