गिरमिटियांचे वकील गांधीभाई

रमजानचा महिना लागला की मुस्लिम घरांत जकातीचा हिशेब सुरू होतो. घरात सोने किती, बँकेत रक्कम किती, दुकानात माल किती, देणे किती, हे सगळे मांडून चाळीसावा हिस्सा गोरगरिबांसाठी बाजूला काढला जातो. पण ज्याची खरी मिळकत सोन्यात नसून विद्येत आहे, त्याने काय बाजूला काढावे? डॉक्टरने, शिक्षकाने, वकिलाने कशाचा हिशेब करावा? हा प्रश्न मनात आला की महात्मा गांधींच्या आयुष्यातला एक भाग आवर्जून आठवतो. चरखा चालवणारे, मीठ उचलणारे गांधीजी सर्वांना ठाऊक आहेत. सुमारे वीस वर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढणारे वकील गांधी मात्र फारसे कोणाला आठवत नाहीत.

१८९१ साली ते लंडनहून बॅरिस्टर होऊन परतले. मुंबईत वकिली सुरू केली, ती चालली नाही. पहिला दावा स्मॉल कॉजेस कोर्टातला, मामीबाई नावाच्या बाईंचा. फी ठरली ३० रुपये. उलटतपासणीसाठी उभे राहिले, डोके गरगरले, एकही प्रश्न सुचला नाही आणि खाली बसले. फी परत केली आणि दुसरा वकील करायला सांगितले. दावे आणून देणाऱ्या दलालाला कमिशन द्यायचे नाही, हा त्यांचा हट्ट होता, त्यामुळे नवी कामेही येईनात.

त्याच दिवसांत पोरबंदरचा एक गरीब मुसलमान त्यांच्याकडे आला. त्याची जमीन सरकारजमा झाली होती. प्रकरण कायद्याने लंगडे होते, पण गांधीजींनी त्याचा अर्ज लिहून दिला. छपाईचा खर्च तेवढा त्याने करायचा, लिहिण्याचे पैसे नाहीत. अर्ज चांगला उतरला, मित्रांनी वाखाणला. असे फुकटचे अर्ज लिहिण्याचा धंदा जोरात चालेल, फक्त घर चालणार नाही, हे त्यांना कळून चुकले. मुंबईचे बिऱ्हाड मोडून ते राजकोटला गेले.

अब्दुल्ला शेठची नोकरी

१८९३ मध्ये पोरबंदरच्या एका मेमण पेढीकडून निरोप आला. दादा अब्दुल्ला आणि कंपनी ही दक्षिण आफ्रिकेत मोठा व्यापार करणारी पेढी. तिचा तिथल्याच एका नातलग व्यापाऱ्यावर, तय्यब शेठवर, ४० हजार पौंडांचा दावा चालू होता. पेढीला इंग्रजी जाणणारा माणूस हवा होता. वर्षभराचे काम, जाण्यायेण्याचे पहिल्या वर्गाचे भाडे आणि १०५ पौंड. गांधीजी निघाले.

पुढे जे घडले ते शाळेच्या पुस्तकात आहे. डर्बनच्या कोर्टात पगडी उतरवायला सांगितली गेली, पीटरमारित्झबर्ग स्टेशनावर गाडीतून बाहेर काढले गेले, पुढच्या घोडागाडीत मारहाण झाली. पुस्तकात फारसे येत नाही ते त्या दाव्याचे काय झाले. गांधीजींनी हिशेबाच्या वह्या बारकाईने वाचल्या. आपल्या अशिलाची बाजू भक्कम आहे हे त्यांना दिसले. पण दावा असाच चालला तर वकिलांच्या खर्चात दोन्ही घरे बुडतील, हेही दिसले. त्यांनी दोघांना लवादासाठी तयार केले. निकाल अब्दुल्ला शेठच्या बाजूने लागला. ३७ हजार पौंड आणि खर्च एकदम भरायचा म्हणजे तय्यब शेठचे दिवाळे. मग गांधीजींनी आपल्याच अशिलाला गळ घालून लांब मुदतीचे हप्ते मान्य करून घेतले. वकिलाचे खरे काम तुटलेली मने जोडण्याचे आहे, हा धडा त्यांनी इथे घेतला आणि पुढच्या वकिलीत शेकडो प्रकरणे कोर्टाबाहेर मिटवली.

वर्ष संपले. परत निघण्याच्या वेळीच नाताळमधल्या हिंदी लोकांचा मताधिकार काढून घेणारे विधेयक आले. निरोपाला जमलेल्या व्यापाऱ्यांनी गांधीजींना थांबवून घेतले. पैशाचा विषय निघाला तेव्हा त्यांनी सांगितले, सार्वजनिक कामाचा मोबदला घेणार नाही. मग चरितार्थ कसा चालणार? सुमारे वीस व्यापाऱ्यांनी आपापली कोर्टाची कामे वर्षभरासाठी त्यांच्याकडे सोपवली आणि त्याची फी आगाऊ दिली. या व्यापाऱ्यांत मुसलमान बहुसंख्य होते. गरिबाचे काम फुकट होण्यासाठी कोणीतरी वकिलाची चूल पेटती ठेवावी लागते. ती जबाबदारी डर्बनच्या दुकानदारांनी उचलली.

बालसुंदरम

ऑगस्ट १८९४ मध्ये नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन झाली. तिची वर्गणी महिन्याला किमान ५ शिलिंग. दुकानदाराला ती परवडे, मळ्यातल्या मजुराला नाही. त्यामुळे मुद्दतीच्या करारावर आणलेले गिरमिटिया मजूर अजून बाहेरच होते. दार उघडले ते एका तमिळ माणसाने.

वकिली सुरू होऊन तीनचार महिनेच झाले होते. एक मजूर कचेरीच्या दारात थरथरत उभा राहिला. कपडे फाटलेले, समोरचे दोन दात तुटलेले, तोंडातून रक्त वाहत होते. डोक्याचे फडके त्याने सोडून हातात घेतले होते. गोऱ्यासमोर गिरमिटियाने असेच उभे राहायचे, अशी तिथली रीत. गांधीजींनी त्याला आधी ते फडके डोक्याला बांधायला लावले. मग तमिळ जाणणाऱ्या कारकुनाने त्याची हकिकत सांगितली. नाव बालसुंदरम. डर्बनमधल्या एका प्रतिष्ठित गोऱ्या मालकाने त्याला बेदम मारले होते.

यानंतर गांधीजींनी जे केले ते आजच्या तरुण वकिलानेही समजून घ्यावे असे आहे. पहिले काम डॉक्टरकडे नेण्याचे. जखमांचा दाखला घेतला आणि त्याला थेट मॅजिस्ट्रेटसमोर उभे केले. प्रतिज्ञापत्र वाचून मॅजिस्ट्रेटने मालकावर समन्स काढले. पण कायद्यात मोठी अडचण होती. साधा नोकर काम सोडून गेला तर मालक फार तर दिवाणी दावा लावी. गिरमिटिया गेला तर तो गुन्हा, त्याला तुरुंग. मालकाला दंड झाला असता, पण बालसुंदरमला पुन्हा त्याच दारात जावे लागले असते. म्हणून गांधीजी मालकाला जाऊन भेटले. त्याला शिक्षा व्हावी हा आपला हेतू नाही, करार दुसऱ्याच्या नावे करून द्यावा, एवढीच मागणी त्यांनी ठेवली. मालक कबूल झाला. मजुरांच्या सरकारी संरक्षकाने नवा मालक शोधून आणण्याची अट घातली. गिरमिटिया मजूर हिंदी माणसाला ठेवता येत नसे, म्हणून गांधीजींनी एक गोरा मालक शोधला. मॅजिस्ट्रेटने जुन्या मालकाला दोषी ठरवले आणि बालसुंदरम सुटला.

ही बातमी मळ्यामळ्यांत पसरली. आपली बाजू घेणारा कोणी वकील आहे, हे मजुरांना प्रथमच कळले आणि कचेरीत त्यांची रीघ लागली. अब्दुल्ला शेठ गांधीजींना भाई म्हणत. बाकीचे व्यापारीही म्हणू लागले, आणि मग गिरमिट संपलेले मजूरही. साहेब म्हणवून न घेणारा हा बॅरिस्टर आफ्रिका सोडेपर्यंत गांधीभाईच राहिला.

फी किती, कोणाकडून

गांधीजी सगळीच कामे फुकट करत नव्हते, हेही सांगितले पाहिजे. पुढे जोहान्सबर्गमध्ये नगरपालिकेने हिंदी वस्ती ताब्यात घेतली, तेव्हा भरपाईसाठी सुमारे ७० प्रकरणे त्यांच्याकडे आली. त्यांनी हिशेब आधीच सांगितला. कोर्ट जो खर्च मंजूर करील तो आणि वर प्रत्येक प्रकरणी १० पौंड. निकाल काहीही लागो. त्यातली निम्मी रक्कम गरिबांसाठी दवाखाना किंवा तशी एखादी संस्था काढायला बाजूला ठेवायची, असेही त्यांनी सुचवले. लोक खूश झाले. सत्तरातले एकच प्रकरण हरले.

अशील गरीब असो की श्रीमंत, एक अट सर्वांना सारखीच होती. खोटे प्रकरण घेणार नाही, साक्षीदार पढवणार नाही. एकदा भर कोर्टात आपल्या अशिलाने फसवल्याचे लक्षात आले, तेव्हा त्यांनी स्वतःच मॅजिस्ट्रेटला दावा फेटाळायला सांगितले. यामुळे धंदा बुडाला नाही, उलट त्यांच्या शब्दाला कोर्टात वजन आले.

मात्र हा लढा हिंदी लोकांपुरता होता. त्या भूमीच्या मूळ काळ्या रहिवाशांची कैफियत या कचेरीत आली नाही. त्या वेळच्या गांधीजींची ही मर्यादा होती.

१९१० साली सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी जोहान्सबर्गजवळ टॉलस्टॉय फार्म उभे राहिले. तोवर वकिली मागे पडत चालली होती. फार्मवर हिंदू, मुस्लिम, पारशी, ख्रिस्ती मुले एकत्र राहत. रमजान आला तेव्हा गांधीजींनी मुसलमान मुलांना सगळे रोजे ठेवायला प्रोत्साहन दिले आणि बाकीच्यांनीही त्यांच्या सोबतीने संयम पाळावा असे सुचवले. पुष्कळांनी ते आनंदाने मानले. इतरांना पाण्याची मुभा होती, पहाटे सहरीला उठण्याची सक्ती नव्हती. रोजेदार मुले सूर्यास्ताची वाट पाहत असताना हिंदू आणि पारशी मुले त्यांच्यासाठी चांगलेचुंगले रांधून ठेवत आणि वाढत. जेवण शाकाहारी असे, आणि मुसलमान मुलांनी ते खुशीने स्वीकारले होते.

चंपारणचे बिनपगारी वकील

आतापर्यंत एका वकिलाची गोष्ट झाली. १९१७ मध्ये गांधीजींनी हेच काम वकिलांच्या पथकाकडून करवून घेतले. बिहारमधल्या चंपारणात निळीच्या मळेवाल्यांचा जाच होता. दर वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत सक्तीने नीळ लावायची, ही तीनकाठिया पद्धत. राजकुमार शुक्ल नावाच्या शेतकऱ्याने पाठ धरून गांधीजींना तिथे नेले. पाटण्यात त्यांना आपल्या घरी नेले ते लंडनपासूनचे ओळखीचे बॅरिस्टर मझहरुल हक यांनी. पुढच्या गाडीतही त्यांनीच बसवून दिले.

ब्रजकिशोर प्रसाद, राजेंद्र प्रसाद हे वकील शेतकऱ्यांचे खटले आधीपासून लढत होते, पण फी घेऊन. त्या फीचे आकडे ऐकून गांधीजी थक्क झाले. भेदरलेल्या रयतेला कोर्टात न्याय मिळणार नाही, खटले थांबवा, असे त्यांनी सांगितले. तुमचे कायद्याचे ज्ञान मला फारसे नको. लिहून घेणारे कारकून आणि दुभाषे हवेत, पैसे मिळणार नाहीत, तुरुंगात जावे लागेल, अशी मागणी त्यांनी ठेवली. नामांकित वकिलांनी रात्री उशिरापर्यंत विचार केला आणि होकार दिला.

मग हजारो शेतकऱ्यांच्या जबान्या नोंदवल्या गेल्या. नियम कडक होता. प्रत्येक जबानीची उलटतपासणी घ्यायची, जी टिकणार नाही ती घ्यायची नाही. गुप्त पोलिसांचा माणूस समोर बसलेला असे, आणि त्याच्या देखत बोलताना शेतकऱ्यांची भीती मोडत गेली. सुरुवातीला प्रत्येक वकिलाचा नोकर वेगळा, स्वयंपाकी वेगळा. गांधीजींनी हळूहळू सगळ्यांची एकच चूल केली. नंतर गावांत शाळा काढल्या तेव्हा बेळगावचे वकील बाबासाहेब सोमण, मुंबईच्या अवंतिकाबाई गोखले आणि पुण्याच्या आनंदीबाई वैशंपायन तिथे पोहोचल्या. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली आणि १९१८ च्या कायद्याने तीनकाठिया पद्धत गेली.

आज आपल्या तालुक्यात

हे सगळे जुने झाले म्हणून सोडून देण्यासारखे नाही. गरिबाला मोफत कायदेशीर मदत हे आता सरकारचे कर्तव्य आहे. १९७६ मध्ये राज्यघटनेत ३९-अ हे कलम आले, १९८७ मध्ये विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि १९९५ पासून तो लागू आहे. प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण आहे, तालुका न्यायालयांत विधी सेवा समित्या आहेत. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. मदतीसाठी १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे. तरी पोटगीसाठी हेलपाटे घालणाऱ्या कितीतरी बायकांना, जामिनाविना आत बसलेल्या कितीतरी मुलांच्या आईबापांना याचा पत्ता नसतो. दागिना गहाण पडतो तो बहुधा पहिल्या तारखेलाच.

कायदा वकील देऊ शकतो, पण दारात आलेल्या माणसाला आधी डोक्याचे फडके बांधायला लावणारे मन त्या वकिलाला स्वतःच आणावे लागते. आपल्या तालुक्याच्या कोर्टात अशी काही माणसे आजही आहेत. त्यांच्यापर्यंत एखाद्या गरजूला पोहोचवणे हे वकील नसलेल्या आपल्यासारख्यांनाही जमण्यासारखे आहे. या महिन्याच्या हिशेबात तेवढी एक नोंद व्हावी.